नोकरशाही संस्थांची कामगिरी आणि नेतृत्व : जोखीम कोणाच्या खुर्चीवर?

अक्षांश

सरकारी विभाग, महापालिका, सार्वजनिक रुग्णालये, नियामक मंडळे अशा नियमांनी बांधलेल्या मोठ्या संस्थांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते. कायदा तोच असतो, मनुष्यबळ तेच असते, अर्थसंकल्पातही फारसा फरक पडलेला नसतो आणि तरीही प्रमुख बदलल्यावर दोन-तीन वर्षांत संस्थेचे काम ओळखू येणार नाही इतके सुधारते, किंवा तितकेच ढासळते. त्याचे श्रेय किंवा दोष आपण त्या व्यक्तीच्या स्वभावाला देतो आणि विषय तिथेच संपतो. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. प्रामाणिक आणि धडाडीचे कितीतरी अधिकारी आले, कष्ट करून गेले, आणि त्यांची संस्था मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे फरक पाडणारे नेतृत्व नेमके कोणते काम करते, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडतो. नोकरशाहीत काम केल्याची किंमत करणाऱ्याला व्यक्तिशः मोजावी लागते. काम न केल्याची किंमत संस्थेतल्या कोणालाच मोजावी लागत नाही, ती बाहेरचा नागरिक मोजतो. मंजुरी दिली आणि पुढे त्यात काही वावगे निघाले, तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, विभागीय चौकशी, रखडलेली पदोन्नती हे सारे सही करणाऱ्याच्या वाट्याला येते. तीच फाइल शंका काढून परत पाठवली, आणखी एका विभागाचे अभिप्राय मागवले, तर कोणीही विचारत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस फाइल परत पाठवणारच. हा आळस नाही आणि बहुतेक वेळा भ्रष्टाचारही नाही; समोरच्या परिस्थितीचा तो सरळ निष्कर्ष आहे. नेतृत्वाचे मुख्य काम हा हिशेब बदलणे हे आहे, आणि तो बदलण्याचा एकच विश्वासार्ह मार्ग म्हणजे निर्णयाची जोखीम वरच्या खुर्चीने स्वतःकडे घेणे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी नोकरशाहीचे जे वर्णन केले, त्यात अधिकारांची उतरंड, लेखी नोंदी, गुणवत्तेवर नेमणूक, पूर्णवेळ पगारी नोकरी आणि व्यक्ती न पाहता नियम लावणे हे घटक होते. ही रचना मनमानीवरचा उपाय म्हणून मोलाची आहे आणि ती मोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलेला धोका मात्र याच रचनेच्या पोटात आहे: साधन म्हणून केलेला नियम हळूहळू साध्य होऊन बसतो. नियम कशासाठी केला होता हे विसरले जाते आणि नियम पाळला याचा पुरावा तयार करणे हेच काम ठरते. नियमामागचा हेतू जिवंत ठेवण्याची सोय नियमात नसते. ती माणसालाच करावी लागते, आणि तो माणूस पुरेसा वर बसलेला असावा लागतो.

दोन उदाहरणे देतो. टी. एन. शेषन १२ डिसेंबर १९९० रोजी भारताचे मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांनी नवे अधिकार मिळवले असा समज आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. निवडणुकांचे नियंत्रण आयोगाकडे देणारे राज्यघटनेचे अनुच्छेद ३२४ पहिल्यापासून होते. आचारसंहितेची सुरुवात केरळमध्ये १९६० साली झालेली होती. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब आणि त्यावरची मर्यादा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात होती. निवडणुकीच्या कामावरचे अधिकारी त्या काळापुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानण्याची तरतूदही त्यांच्या नेमणुकीपूर्वीच कायद्यात आलेली होती. म्हणजे सगळे नियम कागदावर होते. ते वापरल्यावर जो रोष ओढवेल तो अंगावर घेणारा कोणी नव्हता. शेषन यांनी तो घेतला. निवडणूक पुढे ढकलण्याचा किंवा रद्द करण्याचा आदेश आयोग खरोखर काढतो हे एकदा दिसल्यावर, जिल्ह्यातल्या निवडणूक अधिकाऱ्याला स्थानिक पुढाऱ्याला नकार देणे शक्य झाले, कारण आता तो नकार त्याचा एकट्याचा राहिला नव्हता.

दुसरे उदाहरण सुरतचे. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागप्रमुखाला जवळजवळ आयुक्ताइतके आर्थिक आणि प्रशासकीय अधिकार दिले, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी प्रत्यक्ष शहरात फिरावे असा शिरस्ता पाडला, आणि सकाळी दिसलेल्या अडचणींचा निकाल त्याच दिवशीच्या बैठकीत लावायला सुरुवात केली. अतिक्रमणे काढताना सुरुवात वजनदार लोकांपासून केली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला सर्वाधिक वाटते. कनिष्ठ अभियंत्याला जर पहिल्याच दिवशी दिसले की आयुक्तांनी सर्वांत अवघड कारवाई स्वतःच्या नावावर केली आहे, तर पुढची शंभर सोपी कामे करायला त्याला वेगळा आदेश लागत नाही.

सफाई कामगार तेच होते. अभियंते तेच होते. आपल्या वाचनातली किंवा अनुभवातली उदाहरणे, विशेषतः माझ्या म्हणण्याला छेद देणारी, कृपया मांडावीत.

पूर्वसंचित

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, पण माझा मूलभूत आक्षेप आहे. यशस्वी प्रमुखांची उदाहरणे घेऊन मागे वळून पाहिले, की नेतृत्वच कारण वाटते. तितकेच धैर्य दाखवून बाजूला सारले गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून ते हिशेबात येत नाहीत. शेषन यांना घटनात्मक संरक्षण होते. मुख्य निवडणूक आयुक्ताला पदावरून दूर करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच आहे. सुरतला प्लेगमुळे असे हादरलेले जनमत मिळाले, की एरवी जो विरोध झाला असता तो झालाच नाही.

दिल्ली मेट्रोचेही उदाहरण नेहमी दिले जाते, पण तिथे १९९५ मध्ये केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीची स्वतंत्र कंपनीच स्थापन केली होती. भरती, निविदा आणि खर्च यांबाबत तिला जे स्वातंत्र्य मिळाले ते कोणत्याही सरकारी खात्याला मिळत नाही. तिचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या जागी दुसरा सक्षम अभियंता असता, तर त्याच रचनेत तोही यशस्वी झाला नसता कशावरून? मला तरी रचना आधी आणि नेता नंतर असे दिसते. चांगल्या नेत्याची वाट पाहत बसणे हे संस्थात्मक सुधारणा टाळण्याचे सोयीस्कर निमित्त होऊ शकते, आणि ती भीती मला गंभीर वाटते.

अक्षांश

पूर्वसंचित, रचनेचे महत्त्व मला मान्य आहे. पण दिलेले स्वातंत्र्य वापरले जातेच असे नाही. स्वतंत्र कंपन्या, स्वायत्त मंडळे आणि प्राधिकरणे पुष्कळ स्थापन झाली, आणि त्यांतल्या अनेकांनी मूळ खात्याच्याच फाइलपद्धती, तीच मंजुऱ्यांची साखळी आणि तीच भीती सोबत नेली. स्वायत्तता म्हणजे आपली चूक आता आपल्याच नावावर असेल, ही स्थिती. अनेक प्रमुखांना ती नकोशी वाटते आणि ते मिळालेले अधिकार हळूच वर परत पाठवतात. मंत्रालयाचे मार्गदर्शन मागवणारे पत्र लिहिले की झाले.

दिल्ली मेट्रोत श्रीधरन यांनी काय केले हे याच दृष्टीने पाहावे. १२ जुलै २००९ रोजी दक्षिण दिल्लीत बांधकाम चालू असलेल्या मार्गाचा भाग कोसळून कामगारांचा मृत्यू झाला. चौकशी समितीचा अहवाल यायच्या आधीच, त्याच दिवशी श्रीधरन यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही आणि त्यांनी काम पुढे चालू ठेवले. ठेकेदार किंवा कनिष्ठ अभियंता यांच्याकडे बोट दाखवणे त्यांना सहज शक्य होते आणि इतरत्र तेच घडते. वरच्या माणसाने अपघाताच्या दिवशी काय केले हे संस्थेतील हजारो लोक पाहत असतात. पुढच्या वेळी दोष दिसल्यावर तो कळवायचा की झाकायचा, याचा निर्णय ते त्यावरूनच करतात. हे रचनेतून आपोआप येत नाही.

सक्षम पण नाहीसे झालेल्या अधिकाऱ्यांबद्दलचा आपला मुद्दा मात्र मी खोडून काढू शकत नाही. तो खरा आहे.

टिपणकार

मी लेखा शाखेत आयुष्य काढले असून आता निवृत्त आहे. अक्षांश यांनी जो हिशेब मांडला, तो कार्यालयात प्रत्यक्ष कसा दिसतो हे सांगणे उपयोगी ठरेल.

फाइल खालून वर जाते. लिपिक टिप्पणी लिहितो, त्यावर कक्ष अधिकारी, त्यावर उपप्रमुख, आणि शेवटी प्रमुख. नियम असा आहे की प्रत्येक पातळीवर काहीतरी भर पडावी. प्रत्यक्षात प्रत्येक पातळीवर थोडी जबाबदारी पातळ होते. खालच्या टिप्पणीत दोन पर्याय आणि त्यांचे परिणाम दिलेले असतात आणि 'आदेशार्थ सादर' असे लिहिलेले असते. आता कसोटी येते ती वरच्या शेऱ्याची. प्रमुख 'पर्याय दोन मंजूर' असे लिहून सही करतो, की 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' असे लिहितो? दुसऱ्या शेऱ्यात काहीच चुकीचे नाही. नियमाविरुद्ध कोणी करणारच नव्हते. पण त्या शेऱ्याने निर्णय पुन्हा खाली ढकललेला असतो, अधिकार वर ठेवून आणि जोखीम खाली सोडून. फाइल परत आलेला कक्ष अधिकारी मग स्वतःच्या बचावासाठी विधी शाखेचे मत मागवतो, विधी शाखा वित्त शाखेचे मत घ्यावे असे सुचवते, आणि महिने जातात.

ज्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम झपाट्याने झाले, त्यांचे शेरे मला आजही आठवतात. ते लांब नसत. त्यांत निर्णय असे, कारण असे आणि स्वतःचे नाव असे. एका वरिष्ठांची पद्धत अशी होती की नियमाचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल, तर कोणता अर्थ कार्यालयाने धरायचा हे ते स्वतः लेखी परिपत्रकाने जाहीर करत, म्हणजे प्रत्येक लिपिकाला प्रत्येक प्रकरणात वेगळे धाडस करावे लागत नसे. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला, तेव्हा उत्तरही त्यांनीच दिले. त्या एका घटनेनंतर आमच्या शाखेचे काम जसे बदलले, तसे कोणत्याही प्रशिक्षण वर्गाने कधी बदलले नव्हते.

यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. जोखीम घेणे म्हणजे नियम धाब्यावर बसवणे नव्हे. ज्यांचा मी उल्लेख केला, ते नियम आमच्यापेक्षा अधिक जाणत होते, आणि म्हणूनच नियम कुठे संपतो आणि सवय कुठे सुरू होते हे त्यांना दिसत असे. कार्यालयात 'असा नियमच आहे' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या किती गोष्टी कोणत्याही नियमपुस्तिकेत नसतात, हे नव्या प्रमुखाने एकदा तपासून पाहावे.

मैत्रेयी

आतापर्यंतची चर्चा निर्णय घेण्याविषयी आहे. मला निर्णयाच्या आधीचा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो: वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते का?

नासाची दोन उदाहरणे या विषयावर फार काही शिकवतात. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, घन इंधनाचे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत सांगितले होते की ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, कारण सांध्यांमधील रबरी कडी थंडीत ताठरते आणि सांधा नीट बंद होत नाही. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर नाराजी दाखवली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून मत फिरवले, आणि दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत उड्डाण झाले. ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. ज्यांनी उड्डाणाचा अंतिम निर्णय घेतला, त्या सर्वोच्च पातळीवर आदल्या रात्रीचा वाद पोहोचलाच नव्हता.

यानंतर रचना बदलली, सुरक्षेचे नवे विभाग आले, नियम वाढले. तरीही १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या उष्णतारोधक फेसाचा तुकडा पंखावर आदळल्याचे दिसले होते आणि कक्षेत असतानाच पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी अभियंत्यांची विनंती होती. ती व्यवस्थापनाने पुढे जाऊ दिली नाही. चौकशी मंडळाने स्पष्ट म्हटले की अपघाताला फेसाइतकीच संस्थेची संस्कृतीही कारणीभूत होती. पूर्वसंचित यांच्या रचना-आधी या मताला हे उत्तर ठरावे असे मला वाटते. रचना बदलून सतरा वर्षे झाली होती, पण बैठकीत खालच्या माणसाने शंका काढली तर अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती कशी वागते, हे बदलले नव्हते. अभियंत्यांना यान असुरक्षित असल्याचे सिद्ध करा असे सांगितले जात होते. वास्तविक ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचा भार वरिष्ठांवर असायला हवा होता.

अक्षांश यांच्या भाषेत सांगायचे तर गप्प राहण्याची किंमत शून्य आणि बोलण्याची किंमत मोठी, हा तोच हिशेब आहे. पण तो बदलायला प्रमुखाने स्वतःकडे जोखीम घेणे पुरेसे नाही. त्याने गैरसोयीची माहिती मागत राहावे लागते, आणि ती आणणाऱ्याला पहिल्यांदा काय वागणूक मिळते यावर पुढचे सगळे ठरते. एकदा जरी अशा माणसाला सर्वांसमोर झापले, तर त्यानंतर कितीही 'मोकळेपणाने बोला' म्हटले तरी उपयोग नाही.

उत्तरायण

मैत्रेयी यांच्या मुद्द्याला लागूनच मापनाचा प्रश्न येतो, कारण मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला सगळे स्वतः दिसत नाही आणि त्याला आकड्यांवर अवलंबून राहावे लागते.

अमेरिकेतील माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्यसेवा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अतिशय बदनाम होती. १९९४ मध्ये केनेथ कायझर तिचे प्रमुख झाले. त्यांनी देशभरातील रुग्णालयांची २२ प्रादेशिक जाळ्यांत विभागणी केली, प्रत्येक जाळ्याच्या संचालकाबरोबर कामगिरीचा करार केला, रुग्णालयात दाखल करण्याऐवजी बाह्यरुग्ण आणि प्राथमिक सेवेवर भर दिला, आणि संगणकीकृत रुग्णनोंदी सर्वत्र वापरात आणल्या. थोड्या वर्षांत गुणवत्तेच्या अनेक निकषांवर ही सरकारी सेवा खासगी सेवेच्या बरोबरीने किंवा पुढे गेली. या यशात आकडे हे शिकण्याचे साधन होते: कोणत्या जाळ्यात मधुमेहाच्या रुग्णांची तपासणी कमी होते आहे, तिथे काय अडते आहे, दुसऱ्या जाळ्याने ते कसे सोडवले.

तीच संस्था २०१४ मध्ये पुन्हा जगासमोर आली ती वेगळ्या कारणाने. रुग्णाला १४ दिवसांत भेटीची वेळ मिळाली पाहिजे असे लक्ष्य ठरवले होते, आणि ते व्यवस्थापकांच्या मूल्यमापनाशी व बक्षिसांशी जोडलेले होते. डॉक्टरांची संख्या पाहता अनेक ठिकाणी ते लक्ष्य गाठणे अशक्य होते. मग फिनिक्स येथील रुग्णालयात आणि इतरत्रही नोंदींत फेरफार झाले. खरी प्रतीक्षायादी वेगळी ठेवली गेली आणि वर कळवलेले आकडे वेगळे होते. वरिष्ठांना सारे हिरवे दिसत होते आणि आजारी माणसे महिनोन्‌महिने थांबली होती. खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना ३० मे २०१४ रोजी राजीनामा द्यावा लागला. ते सचोटीचे माणूस म्हणून ओळखले जात होते, आणि मला यात सर्वांत बोलकी वाटते ती हीच गोष्ट. प्रमुखाची सचोटी खालच्या आकड्यांना खरे बनवत नाही.

दोन्ही काळांत मोजमाप होते. फरक इतकाच, की एका काळात वाईट आकडा आल्यावर प्रश्न होता 'काय कमी पडते आहे?' आणि दुसऱ्या काळात वाईट आकडा पाठवणेच अशक्य करून ठेवले होते. लक्ष्य देऊन साधने न देणे म्हणजे जोखीम पुन्हा खालीच ढकलणे. टिपणकार यांनी सांगितलेल्या शेऱ्याचेच ते आकड्यांतले रूप आहे.

पूर्वसंचित

मैत्रेयी आणि उत्तरायण यांची उदाहरणे मला पटली. माझा आक्षेप थोडा सुधारून मांडतो. नेतृत्वाने फरक पडतो हे मान्य केले, तरी तो टिकत नसेल तर त्याची किंमत काय? चांगला प्रमुख दोन वर्षांत बदलून जातो, आणि त्याच्या काळात जे पुढे होऊन काम करत होते, तेच नंतर एकटे सापडतात. मी हे पाहिले आहे. नव्या प्रमुखाने जुन्या काळातील निर्णयांची चौकशी लावली आणि ज्यांनी त्या वेळी तत्परता दाखवली त्यांनाच उत्तरे द्यावी लागली. असे एकदा झाले की कर्मचारी पुढच्या धडाडीच्या प्रमुखापासून जपून राहतात. म्हणजे कमी मुदतीचे चांगले नेतृत्व कधीकधी पुढच्या नेतृत्वाची वाट अधिक अवघड करते.

कायद्याची बाजूही आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १३ मध्ये अशी तरतूद होती, की लोकसेवकाने पदावर असताना सार्वजनिक हित नसता कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला, तर तो गुन्हा ठरे. त्याच्या स्वतःच्या खिशात काही गेले हे दाखवण्याची गरज नसे. ती तरतूद २०१८ च्या दुरुस्तीने काढली गेली. त्याआधी तीन दशके निर्णय घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर हा धाक होता. इथे कोणत्याही प्रमुखाला हाताखालच्या माणसाचे संरक्षण करता येत नव्हते.

स्थितप्रज्ञ

टिकण्याच्या प्रश्नावर अमेरिकी नौदलाच्या अणुभट्टी विभागाचे उदाहरण पाहावे. ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी हा विभाग उभारला आणि जानेवारी १९८२ पर्यंत, तीन दशकांहून अधिक काळ, तो चालवला. अणुशक्तीवर चालणारी पहिली पाणबुडी नॉटिलस १७ जानेवारी १९५५ रोजी समुद्रात निघाली. स्वभावाने ते अत्यंत कठोर होते, आणि पुढे ठेकेदाराकडून भेटवस्तू घेतल्याबद्दल नौदलाने त्यांना लेखी समजही दिली. त्यांना आदर्श म्हणून उभे करण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांच्या विभागातील जबाबदारीची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक तांत्रिक निर्णयामागे एका माणसाचे नाव असले पाहिजे, समितीचे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. अणुभट्टीच्या अधिकाऱ्यांची निवड ते स्वतः मुलाखत घेऊन करत. जहाजांवरून आणि कारखान्यांतून अडचणींची पत्रे, मधल्या पातळ्यांनी न गाळता, थेट त्यांच्याकडे यावीत अशी सोय होती. मैत्रेयी म्हणतात ती वाईट बातमी वर पोहोचण्याची वाट त्यांनी स्वभावावर न सोडता पद्धतीत बसवली होती.

ते गेल्यावर काय झाले, हे अधिक महत्त्वाचे. त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास, फेब्रुवारी १९८२ मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने या विभागाच्या प्रमुखाची मुदत आठ वर्षे ठरवली गेली आणि नंतर तिला कायद्याचेही बळ मिळाले. लष्करी पदांवर सर्वसाधारणपणे दोन-तीन वर्षांनी बदली होते. तिथे आठ वर्षे ही विलक्षण मुदत आहे. आठ वर्षे राहणाऱ्या प्रमुखाला आज टाळलेला प्रश्न स्वतःच्याच कारकिर्दीत भोगावा लागतो. दोन वर्षांच्या प्रमुखाला तो पुढच्यावर सोडता येतो. म्हणजे अक्षांश यांचा 'न केल्याची किंमत कोणीच मोजत नाही' हा हिशेब इथे मुदतीच्या नियमानेच बदलला. नेतृत्व की रचना, असा प्रश्न मग उरत नाही. एका नेत्याच्या कामाचे रूपांतर नियमात झाले आणि त्या नियमाने पुढच्या नेत्यांना तसे वागणे सोपे केले.

सुरतचेही तेच म्हणता येईल. राव १९९७ च्या अखेरीस गेले, पण विभागवार अधिकार आणि रोजची क्षेत्रभेट ही पद्धत रुजली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर संयुक्तपणे पहिले आले, म्हणजे पाव शतकानंतर.

अक्षांश

स्थितप्रज्ञ यांच्या प्रतिसादाने माझ्या मूळ मांडणीत राहिलेली उणीव भरून निघते. जोखीम वरच्या खुर्चीने घ्यावी हे मी म्हटले, पण ती खुर्चीने घ्यायची आहे, खुर्चीवरच्या व्यक्तीने केवळ नव्हे. अधिकारांचे प्रत्यायोजन, म्हणजे ते खालच्यांकडे सोपवणे, तोंडी असेल तर ते प्रमुखाबरोबर जाते. लेखी आदेशाने झाले असेल तर नव्या प्रमुखाला ते काढून घेण्यासाठी पुन्हा लेखी आदेश काढावा लागतो, आणि त्याचे कारणही द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ असावा आणि त्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, मिळालेला तोंडी आदेश लेखी नोंदवावा, असे सांगितले, त्याचे मोल मला इथे दिसते.

पूर्वसंचित, मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांविषयी आपण जे लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबलो. या प्रश्नावर टिपणकार यांचे मत जाणून घ्यायला आवडेल, कारण प्रमुख बदलताना फाइलींचे काय होते हे त्यांनी आतून पाहिले आहे.

टिपणकार

प्रमुख बदलताना फाइलीत जे लिहिलेले असते तेवढेच उरते. त्यामुळे चांगला प्रमुख आपल्या लोकांना वाचवू शकतो तो कारणे लिहून. निर्णयाच्या वेळी कोणती माहिती उपलब्ध होती, कोणते पर्याय तपासले, कोणता धोका माहीत असूनही स्वीकारला आणि तो का स्वीकारला, हे चार-पाच वाक्यांत त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, तर सहा वर्षांनी आलेल्या चौकशी अधिकाऱ्याला निकालावरून नव्हे, त्या वेळच्या परिस्थितीवरून निर्णय तपासावा लागतो. मी ज्या वरिष्ठांचा उल्लेख केला, त्यांच्या बदलीनंतर दोन प्रकरणांत चौकशी झाली. दोन्हींत खालच्या टिप्पणीवर त्यांचा शेरा होता की शाखेने विलंबाचा धोका आणि दराचा धोका असे दोन्ही निदर्शनास आणले आहेत, आपण दराचा धोका पत्करत आहोत. शाखेतील कोणालाही त्रास झाला नाही.

बदलीचा आदेश हातात पडल्यावर त्यांनी निरोप समारंभ पुढे ढकलला आणि शेवटचा आठवडा प्रलंबित प्रकरणे निकाली काढण्यात घालवला, कारण अर्धवट निर्णय मागे ठेवले तर ते खालच्यांच्या गळ्यात पडतात हे ते जाणून होते. जी प्रकरणे त्या काळात संपण्यासारखी नव्हती, त्यांवर त्यांनी आपला कल आणि त्याची कारणे लिहून ठेवली. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांचे मत काही बाबतींत वेगळे होते आणि त्यांनी तसे निर्णय बदललेही, पण प्रत्येक वेळी त्यांना आधीचे कारण वाचून त्याला उत्तर लिहावे लागले.